विमानतळ जळालाय म्हणता? मग बिनघोर निघा!

जिभाऊ, तुम्हाला परदेशी जायचंय, आणि जिथं उतरायचं तिथल्या विमानतळाची इमारतच मागं एकदा जळाली होती, म्हणून तुम्ही तिकीट रद्द करायच्या विचारात आहात असं कानावर आलं. थांबा. अशा वेळी घाबरायचं ते पुण्या-मुंबईच्या माणसानं. त्याला सरकत्या जिन्याची, गार हवेची आणि पाटीवर लिहिलेली वेळ खरी असते या समजुतीची सवय असते. तुम्ही आयुष्याची चाळीस वर्षं तालुक्याच्या स्टॅण्डवर काढलीत. तुमचं प्रशिक्षण कधीच पुरं झालंय, फक्त प्रमाणपत्र द्यायचं राहिलंय.

नमुना म्हणून केनियातलं नैरोबीच घेऊ, ठिबक सिंचनाच्या कामाला तुम्हाला तिकडंच पाठवतायत म्हणून. ७ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे तिथल्या जोमो केन्याटा विमानतळाला आग लागली. बाहेरदेशातून येणाऱ्यांचं दालन आणि पासपोर्ट तपासायची जागा, दोन्ही खाक. माणूस एकही गेला नाही, हे मोठंच नशीब. इमारत १९७८ ची, वर्षाला २५ लाख प्रवाशांच्या हिशोबानं बांधलेली, आणि ये-जा त्याच्या दुपटीहून जास्त लोकांची. ओळखीचं वाटतंय ना? पन्नास सीटची गाडी आणि वर शंभर माणसं, त्यात दोन बकऱ्या.

विझवायला पाणी कमी पडलं. गणवेशातली माणसं रांग धरून एकमेकांच्या हातात बादल्या देत होती. जगभरच्या वार्ताहरांना याचं फार नवल वाटलं. आपल्याला काय त्याचं? खळ्यात कडबा पेटला की आपण दुसरं काय करतो? उलट त्यांच्या बादल्यांत पाणी तरी होतं. आपल्या सरकारी कचेरीत भिंतीला टांगलेल्या लाल बादल्या आठवा, ज्यांच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आग’ लिहिलेलं असतं. त्यात वाळू असावी असा नियम आहे. प्रत्यक्षात आत काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण निम्मी पिचकारी तुमचीच आहे.

तर तशी वेळ पुन्हा आलीच, तर तिथं पोचल्यावर कसं वागायचं ते सांगतो. त्या आगीनंतर दिवसभरातच देशातली विमानं सुरू झाली, आणि पुढं बाहेरून येणाऱ्यांसाठी तंबू ठोकले. तंबू दिसला की बुजू नका. तंबू म्हणजे मांडव. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली बसून वरण-बट्टीची तिसरी पंगत उठायची वाट बघणारा माणूस तुम्ही. तुम्हाला इमिग्रेशनच्या रांगेचं काय अप्रूप! बॅगा पट्ट्यावरून फिरत येणार नाहीत, एका ढिगात पडलेल्या असतील. लग्नाहून परतताना गाडीच्या टपावरून आपली पिशवी ओळखून काढायची आहे, एवढंच समजा. बॅगेला लाल फडकं बांधा. सगळ्यांनीच लाल फडकं बांधलेलं असेल, तेव्हा गाठीवरून ओळखा.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा प्रयत्न मात्र करू नका. तंबूला खिडकी नसते.

थंडीचं सांगायचं राहिलंच. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून तुम्ही पातळ सदऱ्यावर जाल आणि कुडकुडाल. तो तळ समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरहून उंच आहे, आणि ऑगस्टमध्ये तिथं स्वेटर लागतो. भुसावळचा माणूस आफ्रिकेत जाऊन गारठला, ही बातमी गावात पोचू देऊ नका.

कागदांचं पाहू. संगणक जळाला की जगातलं प्रत्येक सरकार आपल्या तलाठी कार्यालयासारखं होतं. सगळं हातानं, शाईनं, वहीत. इथं तुम्ही साक्षात गुरू आहात. पासपोर्टच्या सहा झेरॉक्स, फोटो आठ, त्यातले दोन पांढऱ्या पार्श्वभूमीचे, आणि कुणी मागितलं नसलं तरी रहिवासी दाखला. चेष्टा राहू द्या, पण पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड जिवापाड जपा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. परत येताना भारतात ते दाखवता आलं नाही, तर आपलंच सरकार सहा दिवस बाजूला बसवून ठेवू शकतं. तिकडचा जळका तंबू परवडला, पण घराच्या ओढीनं आलेल्या माणसाला ते सहा दिवस सोसत नाहीत.

आणि एक गोष्ट अजिबात थट्टेवारी नेऊ नका. ११ एप्रिल १९९६ ला जर्मनीत डुसेलडॉर्फच्या विमानतळावर, टर्मिनलच्या वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चाललं होतं. ठिणग्या खाली गेल्या, छतातल्या थर्माकोलनं पेट घेतला, आणि १७ माणसं गेली. मारलं ते मुख्यतः धुरानं; काही जण तर लिफ्टमध्ये सापडले. धूर दिसला तर लिफ्टच्या वाटेला जाऊ नका, वाका आणि जिना धरा. आपल्याकडं ही सवय लावायला प्रशासनानं फार कष्ट घेतलेत. तुमच्या जिल्ह्याच्या गावच्या कुठल्याही सरकारी इमारतीत लिफ्ट सुरू असलेली तुम्ही शेवटची कधी पाहिली?

आपल्या जळगावनं तर या प्रश्नाचं मूळच खणून काढलं होतं. मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि ठरल्या वेळेचं प्रवासी विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडलं. पावणेसहा वर्षं ना रांग, ना गर्दी, ना बॅग हरवल्याची तक्रार. अग्निसुरक्षेचा इतका निर्दोष प्रयोग डुसेलडॉर्फलाही साधला नाही.

नैरोबीत खरा जीव टांगणीला लागला तो फुलांचा. तिथली गुलाबाची फुलं विमानानं युरोपात जातात, आणि खुडलेलं फूल कुणाच्या चौकशी समितीसाठी थांबत नाही. हे रावेर-सावद्याच्या माणसाला वेगळं समजवायला नको. घड उतरवला, वॅगन आली नाही, की केळी काळी पडायला लागते आणि व्यापाऱ्याचा आवाज बदलतो. तुम्ही तिथल्या एखाद्या फूलवाल्याशेजारी तंबूत बसलात ना, तर भाषा न येताही दोघांचं जमेल. तो घड्याळाकडं बघेल, तुम्ही नुसती मान हलवा. दशमी आणि ठेचा पुढं करा. ठेचा जरा जपून. त्या बिचाऱ्याच्या घरी आधीच आग लागलीय.

कुणी साहेब येऊन ‘ही तात्पुरती सोय आहे’ म्हणाला, तर हसू नका. आपल्याकडं या शब्दाचा जो अर्थ होतो, तो तिकडं होतोच असं नाही. त्यांनी पार्किंगच्या इमारतीत येणाऱ्यांचं दालन थाटलं, मग नव्या इमारती उभ्या केल्या, आणि लोक तंबूतून खरोखर बाहेर पडले. तुमच्या तालुक्याच्या स्टॅण्डवर पत्र्याची एक ‘तात्पुरती’ शेड आहे. तुम्ही शाळेत असताना ती बसवली होती. आता तुमचा नातू तिच्याखाली उभा राहतो आणि गळणारी जागा कुठली, ते तुम्ही त्याला दाखवता.

परत आल्यावर पानटपरीवर सगळे जमतील. ‘काय जिभाऊ, कसं व्हतं तठलं?’ असं विचारतील. तुम्ही गायी, सिंह, पाऊस, सगळं सांगाल. शेवटी विमानतळाचा विषय निघेल. आपल्या स्टॅण्डसारखंच होतं, पण जळलं म्हणून त्यांनी नवं बांधलं, असं तुम्ही म्हणाल. मग थोडा वेळ कुणी बोलणार नाही. सगळे एकदा समोरच्या शेडकडं बघतील, आणि नाना चुना मळता मळता विचारतील, ‘मंग आपलं कव्हय जळी, भो?’