‘चारही चाकांना २५-२५ टक्के’ हे गणितच चुकीचं आहे

पावसाळा आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिनची ताकद चारही चाकांना कायम २५-२५ टक्के जाते. फोर बाय फोर म्हणजे तेच. म्हणून ही गाडी घाटात घसरत नाही, ब्रेक लवकर लागतो आणि पुराच्या पाण्यातूनही आरामात निघते.’ करूळ, आंबा किंवा फोंडा घाटातून कोकणात उतरणारे आपलेच लोक यावर विसंबतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते २५-२५. ग्रँड विटाराच्या ऑलग्रिप मॉडेलसारख्या गाड्या मुळात पुढच्या चाकांवर चालतात. मागच्या ॲक्सलला, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या आसाला, ताकद पोचते ती क्लच प्लेटांच्या एका संचातून आणि त्या प्लेटा किती आवळायच्या हे कॉम्प्युटर ठरवतो. कोरड्या सरळ रस्त्यावर त्या बऱ्याच सैल असतात, मागे नावापुरतीच ताकद जाते. पुढची चाकं जागेवर फिरू लागली किंवा ॲक्सिलरेटर जोरात दाबला की प्लेटा आवळतात. वाटा ठरलेला नाही, तो क्षणाक्षणाला बदलतो.

‘मग प्लेटा पूर्ण आवळून लॉक केल्यावर तरी ५०-५० होतं की!’ असं म्हणणारे भेटतात. खरी गोम इथेच आहे. लॉक केल्यावर सारखा होतो तो पुढच्या आणि मागच्या शाफ्टचा, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांचा वेग; टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर नव्हे. टॉर्क जातो जिथे टायरला पकड आहे तिथे. पुढची दोन्ही चाकं चिखलात आणि मागची खडीवर असतील, तर प्लेटांना झेपेल तेवढा जवळजवळ सगळा टॉर्क मागे जाईल.

डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत किंवा दोन ॲक्सलमध्ये ताकद वाटणारा गिअरचा संच, त्याचं बरोबर उलटं. तो वेगात फरक पडू देतो, पण टॉर्क ठरलेल्या प्रमाणातच वाटतो. साध्या डिफरन्शियलमध्ये हे प्रमाण समसमान असतं. काही ऑडी गाड्यांच्या सेंटर (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या) डिफरन्शियलमध्ये मुळातच पुढे ४० आणि मागे ६० टक्के असतं. उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये एखादी गाडी चाकं अधांतरी ठेवून रॅम्पवर चढवलेली असेल तर बघा: इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, आणि ज्या ॲक्सलला ताकद जाते त्याचं एक चाक हाताने पुढे फिरवायचं. पलीकडचं चाक आपोआप मागे फिरतं. आता यातलं एक चाक चिखलात आहे असं समजा. ते जेवढा टॉर्क पेलतं, साधारण तेवढाच दुसऱ्याला मिळतो. म्हणून एक चाक गरागरा फिरतं आणि चांगल्या जमिनीवरचं हलत नाही. मेसेजमध्ये जिचं एवढं कौतुक आहे ती समान वाटणीच गाडी अडकवते! आजच्या गाड्या फिरणाऱ्या चाकाला स्वतःहून ब्रेक लावतात ते याचसाठी. ते चाक अडवलं की पलीकडच्या चाकाचा टॉर्क वाढतो.

‘फोर बाय फोर म्हणजे तेच’ हेही खरं नाही, आणि यात खर्चाचा फटका बसतो. थार, जिम्नी, फॉर्च्युनर यांच्या फोर बाय फोर मॉडेलमध्ये ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट थेट जोडतो, मधे डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर थोडा घसरतो आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, शाफ्टना पीळ बसत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणावर अडखळते, लिव्हर टू-एचमध्ये (दोनच चाकांना ताकद) यायला तयार होत नाही. करूळच्या एखाद्या आवळ वळणावर रस्ता कोरडा असताना फोर-एच (चारही चाकांना ताकद) लावून ठेवणं म्हणजे गाडीचे हाल करणं आहे.

ब्रेकचं तर सोपं आहे. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. ऑल व्हील ड्राइव्हमुळे निघताना आणि चढावर पकड वापरता येते, उतारावर थांबताना टायरची पकड वाढत नाही. उलट शाफ्ट आणि डिफरन्शियलचं वजन वाढलेलं असतं. गगनबावड्याकडून उतरताना टायर गुळगुळीत असतील तर कुठलीच सिस्टिम तुम्हाला वाचवणार नाही. आणि चारही टायर सारखेच घ्या. दोन नवे, दोन झिजलेले असले की चाकांचा घेर वेगळा पडतो आणि त्या क्लच प्लेटा सतत घासत, तापत राहतात.

राहिला पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. गाडी तरंगू लागली की चाकांवरचा भार कमी होतो, मग टॉर्क पुढे जावो की मागे, टायरला रेटायला रस्ताच उरत नाही. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या ओढून नेऊ शकतं, त्यात एसयूव्हीही आल्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी कुठलीही असो, वळवून दुसऱ्या रस्त्याने जा.