मातेउश द काश्त्रु : ‘नामधारी’ शब्दावरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

सतराव्या शतकातले गोव्याचे पाद्री मातेउश द काश्त्रु यांना मी माझ्या लेखात ‘नामधारी बिशप’ म्हटलं, हे तुम्हाला पोर्तुगीजांच्या बाजूचं वाटलं. ‘ते पहिले भारतीय बिशप आणि गोव्याचे पहिले स्वातंत्र्यसैनिक होते,’ असं तुम्ही लिहिता.

शब्द हेटाळणीचा नाही, पदाचा आहे. १६३७ मध्ये रोममध्ये त्यांना ख्रिसोपोलिसचं बिशपपद मिळालं. ही गादी केवळ नावाची, तिथे सांभाळायला प्रजा नाही. खरं काम होतं आदिलशाही (विजापूरच्या) मुलखातल्या ‘विकार अपोस्तोलिक’चं, म्हणजे पोपच्या वतीनं धर्मप्रांत चालवायचं. असा आडवळणाचा मार्ग का? पाद्रुआदो या पोप आणि पोर्तुगालमधल्या करारानं इथले बिशप सुचवण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. नवी गादी काढायची तर त्याची संमती लागली असती. नामधारी बिशप नेमायला ती लागत नव्हती. १६२२ मध्ये स्थापन झालेल्या प्रोपागांडा फिदेनं, म्हणजे रोमच्या धर्मप्रसार खात्यानं, विशेषतः तिचे सचिव इंगोली यांनी, हीच फट वापरली.

दिवाडी बेटावरच्या या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला गोव्यात पाद्रीपदाची दीक्षा नाकारली गेली, म्हणून तो १६२५ मध्ये रोमला पोचला. पण एकट्याला दीक्षा मिळून भागत नाही. पाद्री दुसरा पाद्री घडवू शकत नाही, ते फक्त बिशपला जमतं. गोव्याच्या सरहद्दीपलीकडे, आदिलशाहीतल्या डिचोलीला बसलेला हा स्थानिक बिशप गोव्याच्या चर्चला इतका का खुपला, ते इथे कळतं. सरहद्द ओलांडली की दीक्षेची सोय!

मात्र त्रेंतच्या (सोळाव्या शतकातल्या कॅथलिक चर्चच्या) धर्मसभेचा नियम होता की, दुसऱ्या बिशपकडून दीक्षा घ्यायची तर आपल्या बिशपचं पत्र हवं. ते नसेल तर दीक्षा देणाऱ्याचा तो अधिकार वर्षभर स्थगित आणि घेणारा आपल्या बिशपच्या मर्जीपर्यंत निलंबित. गोव्याचं बोट या नियमावर, तर काश्त्रुंचा भरवसा रोमच्या अधिकारपत्रांवर. दोघांची बाजू कागदोपत्री उभी राहते, म्हणून तर हे भांडण मिटलं नाही. त्यात १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून फुटला. रोमनं नवा राजा मानला नाही, त्यामुळे त्यानं सुचवलेले बिशपही अडकले. १६५२ मध्ये गोव्याचे आर्चबिशप वारल्यावर गादी वीसेक वर्षं रिकामी राहिली.

अशा पोकळीत, १६५३ मध्ये, काश्त्रुंची ‘ब्राह्मणांचा आरसा’ ही पत्रिका आली. पोर्तुगीजांविरुद्ध उठा, असं ती सांगते, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण आरसा कुणापुढे धरलाय ते नावातच आहे. गोव्यातले बाकीचे ख्रिस्ती त्यात कुठे आहेत? डच आणि आदिलशहा यांच्याशी संधान बांधल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. ‘स्वातंत्र्यसैनिक’ म्हटलं की हे दोन्ही मुद्दे झाकले जातात. त्यांची लढाई स्थानिक पाद्रींच्या हक्काची होती, आणि मला ती तेवढ्यानं लहान वाटत नाही. १६५८ च्या सुमारास ते रोमला परतले, १६७७ मध्ये तिथेच वारले. विजापूरच्या कामावर त्यांच्यानंतर गोव्याचेच कुश्तोदियु द पिन्यु आले. म्हणजे माणूस हरला तरी पद स्थानिकांकडे राहिलं.

‘पहिले भारतीय बिशप’ हे लेखातही सरसकट गेलं होतं. ‘लॅटिन (म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीच्या) पंथातले’ हे शब्द आता जोडले आहेत, केरळच्या सिरियन परंपरेचा इतिहास वेगळा आहे.