जुनी होती म्हणून नाही, तुमच्या केबलनं गेली

काल संध्याकाळी नागपूरच्या बर्डीत एका कॉम्प्युटर दुकानात आणखी एक हार्ड डिस्क मेली. २०१२ ची, १ टीबीची, सकाळपर्यंत धडधाकट. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत ०५, सी५, सी६ हे खराब सेक्टरांचे आकडे तिन्ही शून्य. नव्या कॅबिनेटमध्ये लावली, बटण दाबलं, पंखा अर्धा फेरा फिरून थांबला आणि जळका वास आला. काउंटरपलीकडून उत्तर काय? "डिस्कच जुनी होती न भाऊ. किती वर्षं झाली तिले. आज ना उद्या जाणारच होती."

नाही! वयानं जाणारी डिस्क टकटक करते, मंदावते, फाइल उघडताना अडकते. बटण दाबताच वास सोडून मरत नाही. ती मारली आहे, आणि दुसऱ्या एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची, मॉड्युलर (सुटी निघणारी) केबल लावून मारली आहे. खोक्यात साटा पॉवरची, म्हणजे डिस्कला वीज देणारी, केबल सापडली नाही, म्हणून ड्रॉवरमधून एक काढली, खटकन बसली, झालं. अरे, बसली म्हणजे जुळली का? साटाचं १५ पिनांचं टोक जगभर सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंही प्रमाण नाही. कंपनी बदलली की पिनांचा क्रम बदलतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतो. एकाची ५ व्होल्टची जागा दुसऱ्याची १२ व्होल्टची असते. सर्किट बोर्डाच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट गेले की आणखी काय होणार?

तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. डिस्क न जोडता केबल लावा, मशीन सुरू करा, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर धरा. ७ ते ९ पिनांवर ५ व्होल्ट, १३ ते १५ वर १२ व्होल्ट. जुळलं तर मशीन बंद करून डिस्क जोडा. मल्टिमीटर दुकानात पडलेलाच असतो. त्या डिस्कवर कुणाच्या तरी दहा वर्षांच्या पोळा सणातल्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो होते, आणि एवढी दोन मिनिटं कुणाला काढता आली नाहीत.

मुळात ती केबल शोधायची वेळ का यावी? काचेचं दार, सात रंगांचे पंखे, आणि साडेतीन इंची डिस्क ठेवायला जागा नाही. असलीच तर खाली एसएमपीएसच्या पत्र्याआड कोंबलेला एक पिंजरा, जिथे वारा पोचत नाही. हे नागपुरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. डिस्कचं तापमान ५० च्या पुढे राहू लागलं तर पुढे एक पंखा लावा, आणि पंखा लावायची सोय नसलेलं कॅबिनेट विकू नका.

आणि कूलर! सीपीयू तापतो म्हणून खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात टेबल मांडायचं. त्या ओल्या हवेतून बोअरच्या पाण्याचा क्षार येतो आणि डिस्कच्या बोर्डामागचे संपर्क काळे पडतात. मग डिस्क कधी दिसते, कधी गायब होते, आणि लगेच "बॅड सेक्टर झाले" म्हणून निकाल. बोर्ड टॉर्क्सच्या (चांदणीच्या खाचेच्या) स्क्रूंवर असतो. तो काढा, संपर्क मऊ खोडरबरानं घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. कितीतरी डिस्क एवढ्यावर सुधारतात. आणि क्रिस्टलडिस्कइन्फोत सी७ चा, म्हणजे डेटा पोचताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष डेटा केबलचा असतो. आधी शंभर-दीडशेची केबल बदला, मग डिस्कला दोष द्या.

"नव्या मदरबोर्डावर जुनी डिस्क चालत नाही" हे वाक्य तर कानावर पडूच नये. २००३ च्या सुमाराची पहिली साटा डिस्कही आजच्या ६ गिगाबिटच्या पोर्टवर चालते, वेग १.५ वर उतरतो एवढंच. पोर्ट मेलेला वाटत असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. बऱ्याच बोर्डांवर एखाद्या एम.२ खाचेत (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची जागा) एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही, सरळ डिस्क मेली म्हणून सांगून मोकळे.

आयडीईची, म्हणजे साटाच्या आधीच्या रुंद पट्टीच्या केबलवाल्या डिस्कची, गोष्ट वेगळी. इंटेलनं २००६ मध्येच चिपसेटमधून ते काढलं, त्यामुळे यूएसबीचा अडॅप्टर घ्यावाच लागतो. पण तो १२ व्होल्टच्या वेगळ्या पुरवठ्यासकट घ्या आणि डिस्कमागची जंपरची छोटी टोपी मास्टरवर ठेवा. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरत नाही.

डिस्क बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसली तरी सुटका नाही. तिच्यावर जुनं विंडोज असेल तर मशीन कधी तिच्यावरूनच सुरू व्हायला जातं. बूट क्रमात नवी एसएसडी वर घ्या. पुढे विंडोज विचारतं, "इनिशियलाइझ करायची का?" आणि दहातले नऊ जण ओके दाबतात! ओके दाबलं की पहिल्या सेक्टरावर नवा तक्ता लिहिला जातो आणि जुन्या पार्टिशनांचा पत्ता पुसला जातो. कॅन्सल करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा: ऑफलाइन असेल तर ऑनलाइन करा, फॉरेन (दुसऱ्या मशीनची) लिहिलं असेल तर इम्पोर्ट करा. पार्टिशन निळं दिसतंय आणि अक्षर नाही, तर नुसतं ड्राइव्ह लेटर द्या. एका अक्षराच्या कामासाठी या गावात डिस्का फॉरमॅट करून राहिले लोक! एक्सटर्नल डब्यातून काढलेली मोठी डिस्क थेट साटावर रिकामी दिसली तर तिला हातही लावू नका. काही डबे सेक्टरचा आकार बदलून दाखवतात, काही डेटा कूटबद्ध करतात. परत त्याच डब्यात घाला, दिसेल. फोल्डर "परवानगी नाही" म्हणत असेल तर सिक्युरिटीत जाऊन मालकी आपल्या नावावर घ्या. तिथंही फॉरमॅटचं काम नाही.

सी५ शून्य नसेल तर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवू नका. दुखऱ्या डिस्कवर ते तासन्‌तास हेड घासत बसतं. आधी माल बाहेर काढा. विंडोजची रोबोकॉपी ही फाइल कॉपी करायची कमांड वापरणार असाल तर पुनर्प्रयत्नांचा आकडा १ वर आणा. मुळात तो १० लाखांवर असतो आणि दर वेळी ३० सेकंद थांबतो. एका खराब फाइलवर डिस्क मरेपर्यंत तेच चालू राहील.

आता कालची डिस्क. ती कुणीही भंगारात टाकू नका. पॉवरच्या टोकाजवळ बोर्डावर दोन छोटे संरक्षक डायोड असतात, एक ५ व्होल्टचा, एक १२ चा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून तपासा. जो दोन्ही दिशांनी वाजतो, तो डिस्क वाचवायला स्वतः शॉर्ट झाला आहे. तो काढला की बऱ्याचदा डिस्क फिरते. मग संरक्षण उरत नाही, म्हणून सगळा डेटा लगेच उतरवून घ्या, रोजच्या वापराला ठेवू नका. तरीही फिरली नाही तर त्याच क्रमांकाचा बोर्ड शोधावा लागेल, आणि जुन्या बोर्डावरची ८ पायांची रॉम चिप त्यावर बसवावी लागेल. नुसता बोर्ड बदलून भागत नाही. फिरून टकटक करत असेल तर बहुधा आतल्या हेडजवळची चिप गेली, पुढचं काम धूळमुक्त लॅबचं.

डायोड काढल्यावर डिस्क जोडाल तेव्हा केबल त्याच एसएमपीएसच्या खोक्यातली घ्या. खोकं हरवलं असेल तर आधी मल्टिमीटर.