सर्टिफिकेट विकणाऱ्यांनो, आमच्या पोरींच्या आयांना फोन करणं बंद करा

आज सकाळी साडेसात वाजता माझ्या ताईला वसुलीवाल्याचा फोन आला. ताई कराडजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. साडेसात म्हणजे स्वयंपाक उरकून बाहेर पडायची तिची वेळ. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्या मुलीचा हप्ता बाउन्स झालाय. आज भरला नाही तर सिबिल खराब होईल, नंतर घरात कुणालाच कर्ज मिळणार नाही." सिबिल म्हणजे आधीची कर्जं नीट फेडली का, याचे गुण; ते ताईला ठाऊक नाही. तिला वाटलं पोलीस केस झाली. अंगणवाडीत मुलं बसलेली आणि ही मागच्या खोलीत रडत मला फोन करतेय.

रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही. पण असा नियम असतो हे गावातल्या बाईला कोण सांगणार? दिवसभर ऑफिसात बसून होते, कामात लक्ष लागलं नाही. म्हणून आता लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

कर्ज कशाचं? घराचं नाही, आजारपणाचं नाही. ऑनलाइन कोर्सचं. माझी भाची बी.कॉम. झाली, चांगल्या मार्कांनी. इन्स्टाग्रामवर 'फ्री करिअर काउन्सेलिंग'चा फॉर्म भरला आणि दहा मिनिटांत फोन. डेटा ॲनालिटिक्स, म्हणजे आकडेवारी तपासून निष्कर्ष काढायचं काम, सहा महिने, 'प्रोफेशनल सर्टिफिकेशन', फी 85 हजार. 'स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच आहे, उद्या फी वाढेल.' काउन्सेलर म्हणे! तो सेल्सचा माणूस, त्याच्या डोक्यावर टार्गेट. मग एक लिंक आली, रजिस्ट्रेशनची म्हणून. पॅन टाका, आधार टाका, ओटीपी सांगा, आईचं बँक खातं जोडा. त्या लिंकवर पोरगी नाव नोंदवत नव्हती, कर्ज घेत होती, आणि हप्ता आईच्या खात्यातून आपोआप कापला जायची परवानगी देत होती. आईला विचारलं तर म्हणाली, "तिने सांगितलं म्हणून मी नंबर वाचून दाखवला."

यातला व्यवहार नीट समजून घ्या. कर्ज देणारी कंपनी सगळे पैसे पहिल्याच फटक्यात कोर्सवाल्यांना देऊन टाकते. म्हणजे कोर्सवाल्यांचं काम त्याच दिवशी संपलं. पुढे शिकवलं काय, नाही काय, हप्ते पोरीच्या नावावर. लाइव्ह लेक्चर म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्या महिन्यापासून जुनी रेकॉर्डिंग सुरू झाली. शंका विचारायला एक व्हॉट्सॲप ग्रुप, तिथे उत्तर आलं तर आलं. कोर्स सोडते म्हणाली तर सांगितलं, सोडा, पण हप्ते चालूच राहतील. डिजिटल कर्ज घेतल्यावर सुरुवातीची एक मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पण मुद्दल तर कोर्सवाल्यांच्या खात्यात गेलेलं. पोरीने ते कुठून आणायचं?

सहा महिन्यांनी सर्टिफिकेट आलं. पीडीएफ. सोनेरी किनार, दोन सह्या, खाली क्यूआर कोड. तो स्कॅन केला की त्याच कोर्सच्या कंपनीचं पान उघडतं आणि हे सर्टिफिकेट खरं आहे असं तीच कंपनी सांगते. फी त्यांनी घेतली, शिकवलं त्यांनी, घरबसल्या क्विझ त्यांनीच घेतली, चुकलं की पुन्हा द्या, पुन्हा चुकलं की पुन्हा द्या, आणि शिक्काही त्यांचाच.

ड्रायव्हिंग स्कूलने दिलेला कागद आणि आरटीओचं लायसन्स यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. आयटीतल्या माझ्या मित्रांना हे रोजचं आहे. सिस्को कंपनीचं सीसीएनए, म्हणजे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, घ्यायचं तर परीक्षा वेगळी, ओळखपत्र दाखवून सेंटरवर द्यायची, नाहीतर घरून कॅमेऱ्यासमोर. नापास झालात तर फी गेली. पास झालात तरी तीन वर्षांनी मुदत संपते. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटला तर नुसती परीक्षा पुरत नाही. पदवीधराला प्रोजेक्ट सांभाळल्याचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, तेव्हा कुठे अर्ज घेतात. हे सगळं त्या फोनवरच्या माणसाला पक्कं माहीत असतं. समोरच्या घरात हे माहीत असलेलं कुणी नाही, हेही त्याला माहीत असतं. राग त्याचा येतो.

आणि स्वस्तात काही नाहीच असंही नाही. एनपीटीईएल हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ 2003 पासून आहे, आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीने मिळून सुरू केलेलं. लेक्चर फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तरच हजार रुपये भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. 25 मार्क असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे, आणि किती मिळाले ते सर्टिफिकेटवर छापून येतं. 2017 मध्ये केंद्र सरकारचं स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आलं, तिथेही असंच. यांच्या जाहिराती रात्री अकरा वाजता मोबाइलवर येत नाहीत, म्हणून पोरांना माहीत नाहीत.

दिवाळीत भाची माझ्याकडे भोसरीला आली होती. मी लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हटलं, हे बघ, आमच्याकडचं खरं काम. एका शीटमध्ये आमचं खरेदी रजिस्टर, दुसऱ्यात जीएसटीआर-2बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. दर महिन्याच्या 14 तारखेला तो येतो. सप्लायरने भरलेलं बिल त्यात दिसलं तरच आम्हाला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट. जुळव म्हटलं. तिने एक्सेलचा व्हीलुकअप लावला, एका यादीतलं दुसरीत शोधणारा फॉर्म्युला, निम्म्या ओळींत एनए, म्हणजे सापडलं नाही. एकीकडे बिल नंबर '24-25/0117', दुसरीकडे नुसता '117', कुठे मागे एक स्पेस. तिला कळेना काय झालं. सहा महिने तिला काय शिकवलं? सरावाला टायटॅनिक जहाजाच्या 891 प्रवाशांची यादी, कोण वाचलं आणि कोण बुडालं. जगभर शिकवतात ती, असू दे. पण कराडच्या बी.कॉम. झालेल्या मुलीला नोकरी भोसरीच्या कारखान्यात नाहीतर गावच्या पतसंस्थेत मिळणार. सहा महिन्यांत तिला एकदाही खरं बिल दाखवावंसं वाटलं नाही यांना?

आणि ऐका, दोन तासांत शिकली ती. ट्रिम लावून स्पेस काढल्या, नंबरातला मागचा भाग वेगळा केला, आणि जुळत नाहीत ती बिलं लाल करून माझ्यासमोर ठेवली. त्यातलं एक बिल आमच्या क्लार्कच्याही नजरेतून सुटलं होतं. "मावशी, हे शिकवलं असतं तर मी कधीच कामाला लागले असते," म्हणाली. हुशार आहे हो पोर. म्हणूनच जीव तुटतो.

मी स्वतः एमएस-सीआयटी केलं ते तालुक्याच्या गावात. क्लासवाले सर बाबांच्या ओळखीचे होते. फी थकली तर बाबांना बाजारात गाठून सांगायचे, पण क्लास बुडाला तर बाबाही सरांना तिथेच गाठून विचारायचे. परीक्षा सरांच्या हातात नव्हती, सर्टिफिकेटवर राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं नाव. फार मोठं काही शिकलो असं नाही. पण कुणी आम्हाला फसवलं नाही.

सगळेच खासगी कोर्स वाईट नसतात, मान्य. आमच्या ऑफिसमधला एक मुलगा असाच कोर्स करून बंगळुरूला गेला, चांगला कमावतोय. पैसे भरले की अभ्यासाला शिस्त लागते, हेही खरं. पण त्याच्या वडिलांनी फी रोख भरली होती, आणि आधी तीन लोकांना विचारून भरली होती.

आता एचआरमधल्या माझ्या मित्रमैत्रिणींना. तुम्ही जाहिरातीत 'सर्टिफिकेशन असल्यास प्राधान्य' लिहिता. कुठलं ते लिहीत नाही. तुमच्या त्या एका ओळीवर हे लोक 85 हजारांचं दुकान चालवतात. इंटरव्ह्यूला तुम्ही ती पीडीएफ उघडूनसुद्धा बघत नाही, मला माहीत आहे, मी तुमच्या शेजारी बसलेली असते. एकतर नाव घालून लिहा, नाहीतर काढून टाका. एक शीट द्या आणि तासभर काम करून घ्या, कळतं सगळं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, नोकरीचे खोटे दावे त्यात बसतात. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार घेतात. मी उद्या करणार आहे. साडेसातच्या फोनची तक्रार वेगळी, ती आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी, तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. भाचीकडे काउन्सेलरचे सगळे मेसेज जपून ठेवलेले आहेत, 'नोकरी पक्की' असं त्याने लिहिलेलं त्यात आहे.

तुमच्यापैकी कुणी ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) अशी केस चालवली असेल, किंवा अशा कंपनीकडून फी परत मिळवली असेल, तर मला इनबॉक्स करा. वकिलाची फी मी देईन. आणि ज्यांच्या घरी यंदा पदवी झालेलं मूल आहे त्यांनी 'काउन्सेलर'चा फोन आला की ओटीपी द्यायच्या आधी मला फोन करा, रात्री बारा वाजताही चालेल.