टपालाचा ट्रे का पुरत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोवर्किंग जागेतलं (अनेक छोट्या कंपन्या मिळून वापरतात त्या सामायिक कार्यालयातलं) टपाल कसं सांभाळावं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चाळीस-पन्नास सदस्यांच्या कोवर्किंग जागेत दिवसाला दहा-बारा पाकिटं येतात. त्यासाठी आवक नोंद, फोटो, क्रमांकाचे कप्पे आणि पोच एवढा पसारा कशाला? काउंटरवर ट्रे ठेवावा, ज्याचं त्यानं न्यावं. पाकिटांचे फोटो काढणं खासगीपणाला बाधक आहे. आणि रजिस्टर टपालावर फ्रंट डेस्कनं बिनदिक्कत सही करावी, कारण सदस्य पैसे त्याचेच देतात.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. लेखात सुचवलेले नोंदवहीचे अकरा रकाने जास्त झाले. इतके रकाने असले की निम्मे रिकामे राहायला लागतात आणि मग भरलेल्या रकान्यांवरचाही भरवसा उडतो. सहा पुरेत : आवक क्रमांक, तारीख आणि वेळ, कोणाच्या नावे, कोणाकडून व कशानं आलं (ट्रॅकिंग क्रमांक असल्यास तोही), कप्पा, नेणाऱ्याची सही. एका पाकिटाला साधारण मिनिटभर लागतं.

ट्रेबद्दल मात्र मत बदलत नाही. ट्रेमधून चोरी होईल ही मुख्य भीती नाहीच. खरी अडचण नावांची आहे. सदस्य नोंदणी करतो कंपनीच्या नावानं. पाकिटं येतात संचालकाच्या वैयक्तिक नावानं, ब्रँडच्या नावानं, दोन वर्षांपूर्वी बदललेल्या जुन्या नावानं, कधी हिशेबनिसाच्या नावानं. ट्रेमधलं असं पाकीट प्रत्येकजण बघतो, ‘आपलं नाही’ म्हणून परत ठेवतो, आणि ते तळाशी जातं. म्हणून सदस्यत्वाच्या अर्जातच नावांची यादी घ्यायची : नोंदणीकृत नाव, व्यवहारातलं नाव, जुनी नावं, ज्यांच्या नावे टपाल येऊ शकतं त्या व्यक्ती, आणि टपाल नेण्याचा अधिकार कोणाला. ही यादी दर सहा महिन्यांनी सदस्याकडून तपासून घ्यायची. नोंद करणाऱ्यासमोर ती संगणकावर शोधता येईल अशी हवी, कारण छापील यादीत ब्रँडचं नाव सापडत नाही. दुसरं म्हणजे, फक्त कंपनीचा पत्ता म्हणून इथलं सदस्यत्व घेतलेला माणूस महिना महिना फिरकत नाही. त्याच्यासाठी ट्रे असून नसल्यासारखाच.

आता सहीचा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कर खात्याची किंवा कायदेशीर नोटीस आली, तर उत्तराची मुदत बहुतेक वेळा ती पत्त्यावर पोचल्याच्या तारखेपासून धरली जाते. सदस्यानं पाकीट कधी फोडलं, याला तिथे किंमत नसते. म्हणजे फ्रंट डेस्कनं सही केली की सदस्याचं घड्याळ सुरू झालं, आणि त्याला त्याची खबरही नाही. म्हणून बिनदिक्कत सही नको. ज्या सदस्यानं लेखी अधिकारपत्र दिलंय, त्याच्याच टपालावर सही करायची. सही करणाऱ्यानं स्वतःचं नाव वाचता येईल असं लिहायचं, पुढे ‘अमुक कंपनीतर्फे, फक्त स्वीकृती’ आणि वेळ. सदस्याच्या नावानं सही कधीही करायची नाही. पाकिटावर ‘फक्त व्यक्तिशः’ असा शेरा असेल तर टपाल देणाऱ्याला तसं सांगून पुन्हा यायला सांगायचं. सही घेतलेल्या प्रत्येक टपालाची खबर त्याच दिवशी गेली पाहिजे. साध्या टपालाला दुसरा दिवस चालतो. आणि एका कामाच्या दिवसात उत्तर आलं नाही, तर फोन करायचा.

नकार देतानाही शब्द जपून वापरा. पुष्कळ ठिकाणच्या कायद्यांत ‘स्वीकारण्यास नकार’ हा शेरा टपाल पोचल्यासारखाच धरला जातो. नाव यादीत नसेल तर ‘या नावाचं कोणी या पत्त्यावर नाही’ एवढंच सांगायचं.

फोटोच्या बाबतीत तुमचा आक्षेप निम्मा बरोबर आहे. फ्रंट डेस्कच्या कर्मचाऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून सगळ्यांच्या ग्रुपवर टाकणं पूर्ण चूक आहे. बँकेचा किंवा न्यायालयाचा शिक्का शेजारच्या टेबलावरच्यांना दिसण्याचं काही कारण नाही. पण फोटो रद्द करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जागेच्या मालकीचा टॅबलेट वापरा, फक्त समोरची बाजू घ्या, ती फक्त त्या सदस्याला पाठवा, टपाल नेल्यानंतर तीस दिवसांनी फोटो पुसून टाका. हा फोटो नसेल तर ‘पाकीट आलंच नव्हतं’ आणि ‘आम्ही दिलं होतं’ यांत निवाडा करायला काहीच उरत नाही.

पाकीट उघडणं ही वेगळी सेवा आहे. तिला वेगळी लेखी परवानगी हवी. परवानगी असली तरी कार्ड, पिन, पासपोर्ट आणि धनादेश असल्याची शंका येईल ते पाकीट न उघडता बंद कपाटात ठेवायचं. स्कॅन ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), दोन्ही बाजूंचा, आणि पाकिटाचाही, कारण टपालाच्या शिक्क्याची तारीख पुढे पुरावा म्हणून लागते. मूळ कागद नष्ट करायला सांगितलं असेल तर पट्ट्या पाडणारं यंत्र चालत नाही. कागद नष्ट करण्याच्या डीआयएन ६६३९९ या जर्मन मानकातली पी-४ पातळी घ्या; तिच्यात तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो.

कप्प्यांवर कंपनीची नावं लावू नका, क्रमांक लावा. नावं लावली की एक सदस्य बदलला तरी सगळा क्रम हलतो, आणि कोणाकडे किती टपाल येतं हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं. सी-४ पाकीट (ए-४ कागद न दुमडता मावणारं) २२९ × ३२४ मिलिमीटरचं असतं, तेव्हा कप्पा आतून किमान २५० रुंद आणि ३४० खोल हवा. नाहीतर कागद दुमडून कोंबले जातात.

पार्सलचं थोडक्यात : खोका दबलेला किंवा ओला असेल तर सही करण्याआधी पोचपावतीवर तसं लिहायचं आणि फोटो काढायचा, नंतरची तक्रार टिकणं अवघड जातं. मालाचे पैसे भरून पार्सल घ्यायचं नाही. वजनाची आणि दिवसांची मर्यादा करारात लिहायची.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न सोडून गेलेल्या सदस्याचा आहे. त्याचा पत्ता बँकेत, कर खात्यात, कंपनी नोंदणीत तसाच राहतो आणि नोटिसा तुमच्याकडे येत राहतात. अमेरिकेत असं टपाल स्वीकारण्याची सेवा देणाऱ्याला आधी ग्राहकाकडून तिथल्या टपाल खात्याचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म आणि ओळखीचे दोन पुरावे घ्यावे लागतात, आणि सेवा संपल्यावरही सहा महिने टपाल पुढे पाठवावं लागतं. असा नियम जिथे नाही तिथेही सहा महिन्यांची मुदत करारात घालावी, आणि पुढे पाठवण्याचा खर्च अनामतीतून वळता करावा. मुदतीनंतर आलेलं पाकीट न उघडता, ‘प्राप्तकर्ता आता या पत्त्यावर नाही’ असा शेरा मारून परत करायचं. अधिकारपत्र मात्र सदस्यत्व संपलं त्याच दिवशी रद्द, म्हणजे त्याच्या नावच्या रजिस्टर टपालावर कोणी सवयीनं सही करणार नाही.

ट्रे ठेवायचाच असेल तर नाव नसलेल्या जाहिरातपत्रकांसाठी आणि माहितीपुस्तिकांसाठी जरूर ठेवा. फक्त त्याच्यावर ‘नावाचं टपाल इथे ठेवू नये’ अशी पाटी लावा आणि दर आठवड्याला तो पूर्ण उपसा. चुकून पडलेलं पाकीट तेव्हाच हाती लागतं.