तिऱ्हाइताची उत्तम सोय

संगणक आपला, वीजबिल आपलं आणि चालवणारा मात्र कुणी तिऱ्हाईत, अशी व्यवस्था हवी असेल तर फारशी खटपट करावी लागत नाही. दुरून संगणक चालवू देणारा छुपा प्रोग्राम, म्हणजे रिमोट ॲक्सेस ट्रोजन, आत घेतला की झालं.

फाइलींची एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावाच्या शेवटी असणारी प्रकार सांगणारी शेपटं, लपलेलीच राहू द्या. विंडोज ती मुळातच लपवते, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हा चक्क प्रोग्राम तुम्हाला ‘बिल.पीडीएफ’ दिसेल, पीडीएफचं चित्र पाठवणारा स्वतःच चिकटवून देतो. सोबत कुलूपबंद झिप आणि त्याच मेलमध्ये तिचा पासवर्ड आला, तर सुरक्षेची केवढी काळजी म्हणून भारावून जा. (ते कुलूप तुमच्यासाठी नसतंच, मेल तपासणाऱ्या अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून असतं.) इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेल फाइलींतले मॅक्रो (फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम) मायक्रोसॉफ्ट 2022 पासून आपणहून अडवते. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर टिचकी मारा, की तीही अडचण सरली.

फायरवॉल आहे ना, मग निर्धास्त राहा. 1998 साली बॅक ओरिफिस नावाचं असंच ट्रोजन 31337 या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, बाहेरून कुणी हाक मारतंय का याची वाट बघत बसायचं. आत येणारं अडवलं की खेळ खलास. आताचा पाहुणा आतूनच मालकाला फोन लावतो, तोही बहुधा 443 या पोर्टवरून, म्हणजे तुमचा ब्राउझर रोज जातो त्याच वाटेनं. येणाऱ्याची झडती घेणारा आणि जाणाऱ्याला सलाम ठोकणारा पहारेकरी यात काय करणार? दर काही सेकंदांनी हा बाहेर विचारतो, ‘काही हुकूम?’ हुकूम आला की कळा टिपतो, पडद्याचे फोटो काढतो, कॅमेरा चालू करतो.

रोजचं काम ॲडमिन खात्यातूनच करा, म्हणजे अँटिव्हायरसला गप्प बसवायलाही या पाहुण्याला सोपं जाईल. संशय आलाच तर रीस्टार्ट मारा. विंडोज सुरू होताना काय काय चालवायचं हे जिथे लिहिलेलं असतं, त्या रजिस्ट्रीच्या ‘रन’ नोंदीत किंवा टास्क शेड्यूलरमध्ये त्यानं नाव घालून ठेवलेलं असतं. तुमच्याबरोबर तोही ताजातवाना उठेल.

नेटची वायर मात्र काढू नका, बिचाऱ्याचं बोलणं तुटेल. पासवर्ड बदलायचे तर त्याच संगणकावरून बदला, म्हणजे नवे त्याला लगेच कळतील. ‘सगळीकडून लॉगआउट’ हे बटण टाळा. ब्राउझरच्या कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) त्यानं नेल्या असतील, तर चालू सत्रात तो ओटीपीशिवाय वावरतो. ते सत्र मोडलं की त्याला पुन्हा दार ठोठावावं लागेल.

शेवटी फॉरमॅट केलंतच, तर डेस्कटॉपवरची ती ‘बिल.पीडीएफ’ आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. उघडायची राहिली होती ना.