कोबीला का खेळवत नाहीत?

ताटात कोबी पडला की मी तो बोटाने हळूहळू कडेला सारत नेतो. जेवण संपेस्तोवर ताटाच्या काठाला त्याचा छान बांध घातला जातो. बावीस वर्षांच्या संसारात बायकोला हे पाठ झालंय. त्यामुळे डिसेंबर २०२५ मधल्या एका रात्री अडीच वाजता, गोधडी डोक्यावरून घेऊन, मोबाइलच्या उजेडात मी "अरे कोबीला घ्या रे, आता तरी कोबीला घ्या" असं कळवळून म्हणायला लागलो, तेव्हा तिने उठून आधी माझ्या कपाळाला हात लावला.

ताप नव्हता. मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची मॅच होती. कोबी मेनू हा त्यांचा, तेव्हा वीस वर्षांचा पोरगा. मधल्या फळीत खेळतो, चेंडू पायाला बांधल्यासारखा घेऊन फिरतो. २०२४ च्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध जिंकून देणारा गोल त्यानेच मारलेला. आणि मॅनेजर रूबेन अमोरिम त्याला, हंगाम अर्धा होत आला तरी, लीगच्या एकाही सामन्यात सुरुवातीच्या अकरांत घेत नव्हता. हे सगळं मी अडीच वाजता बायकोला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी केलेला कोबी तुमच्या गळ्याखाली उतरंना, आन् तिकडं कुणी कोबी वाढंना म्हणून तुम्ही रडायलाव?"

यावर उत्तर नव्हतं. मॅच ४-४ अशी सुटली, बॉर्नमथबरोबर. चार गोल मारूनही न जिंकणारा संघ बघायला मी झोप मोडत होतो, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

परभणीत राहून फुटबॉलचं वेड बाळगणं तसं अवघडच. इथे क्रिकेट, त्याखालोखाल राजकारण आणि उरल्या वेळात पाऊस. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या म्हणीमुळे दर चार वर्षांनी वर्ल्ड कप आला की गाव जन्मसिद्ध हक्काने जर्मनीकडून होतं. २०१४ ला जर्मनीने ब्राझीलला सात गोल घातले, तेव्हा नव्या मोंढ्यातल्या लोकांनी ते आपणच घातल्याच्या थाटात एकमेकांना चहा पाजला होता. २०१८ आणि २०२२ ला जर्मनी पहिल्याच फेरीतून घरी आली, तेव्हा 'परभणी आहे ना अजून' एवढ्यावर समाधान मानलं. पण क्लब फुटबॉल म्हटलं की विषय संपला. मोंढ्यात माझं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. शेजारच्या अडतदुकानात मी 'मँचेस्टर' हा शब्द काढला की अडते विचारतात, "काय म्हणायलाय तिकडं कापसाचा भाव?"

माझा हा रोग जुना आहे. २६ मे १९९९ ला मी इथल्या कृषी विद्यापीठाच्या होस्टेलवर होतो. चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, युनायटेडसमोर बायर्न म्युनिक. जर्मनीचा क्लब, म्हणून परभणीच्या परंपरेप्रमाणे सगळं होस्टेल बायर्नकडून. नव्वद मिनिटं झाली, बायर्न १-० ने पुढे, पोरं समाधानाने झोपायला गेली. मी बसून राहिलो, कारण टीव्हीच्या खोलीतला पंखा माझ्या खोलीतल्यापेक्षा जोरात फिरायचा. आणि वाढीव वेळेत आमचे शेरिंगम आणि सोलशार, दोघंही बदली म्हणून उतरलेले, दोन गोल मारून मोकळे झाले! बाकावर आमचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन च्युइंग गम चघळत होते. बाकावर बसून रवंथ करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळं कळतं, आपण फक्त धीर धरायचा, अशी माझी त्या रात्री ठाम समजूत झाली. ती मला फार महागात पडली.

फर्ग्युसन २०१३ ला निवृत्त झाले. सव्वीस वर्षांत तेरा वेळा लीग जिंकून गेले. त्यानंतरच्या बारा वर्षांत कायमचे म्हणून नेमलेले सहा मॅनेजर झाले. आम्ही प्रत्येकाचं स्वागत धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखं केलं आणि वर्षा-दोन वर्षांत 'पोरीचा गळा कापला हो' इथवर आलो. सहावे जावई अमोरिम. नोव्हेंबर २०२४ ला आले. वय एकोणचाळीस, बोलायला गोड, पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंग या क्लबला दोनदा लीग जिंकून दिलेली. आणि येताना सोबत आणली खेळाडू उभे करायची तीन-चार-तीन ही रचना.

हे तीन-चार-तीन म्हणजे काय, ते मी मोंढ्यातल्या टपरीवर पंगतीच्या भाषेत सांगतो. मागे तिघं. त्यांच्या पुढे चौघं, त्यातले दोघं अगदी कडेला. सगळ्यांत पुढे तिघं. कागदावर रांगोळी. पण चेंडू समोरच्याकडे गेला की कडेचे दोघं पळत मागे येतात आणि मागे पाच होतात. म्हणजे लग्नात भटारखान्याच्या दारात पाच जण लाडवाची परात राखत उभे आणि तीनशे पानांची पंगत वाढायला मध्ये दोघंच. समोरचा संघ तिथे तीन माणसं आणतो. आपले दोघं वरणाची बादली घेऊन इकडून तिकडे पळतात, कुणाच्या पानात भात नाही, कुणाच्या पानात मीठसुद्धा नाही. त्यातही त्या दोघांत एक ब्रुनो फर्नांडिस! पुढे जाऊन बुंदी वाढण्यात त्याचा हात धरणारा नाही, आणि त्याच्याच हाती पाण्याचा जग.

"मग वरणाला तिसरा माणूस लावावा की," टपरीवाले मामा म्हणाले. मामांनी आयुष्यात फुटबॉल बघितलेला नाही.

मोबाइल दुरुस्तीवाला भाई हा गावातला माझा एकमेव सहदुःखी. तो कपाळावर हात मारून म्हणतो, "मामू को समझ में आया, उस्कू नै आया."

(मी स्वतः फुटबॉलला आयुष्यात तीनदा लाथ मारली आहे. त्यातल्या एका वेळी चेंडू गटारात गेला. हे इथे सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी काढायला नको.)

विश्वास एकदम उडत नाही. तो येलदरी धरणासारखा उतरतो. रोज पेपरात टक्का येतो आणि आपण रोज म्हणतो, अजून आहे की. जानेवारी २०२५ मध्ये ब्राइटनकडून हरल्यावर अमोरिम स्वतःच बोलून गेला, की हा बहुधा क्लबच्या इतिहासातला सर्वांत वाईट संघ असेल. डॉक्टरनेच पेशंटच्या उशाशी बसून असं बोलायचं? तरी आम्ही म्हटलं, माणूस खरं बोलतो. हंगाम संपला तेव्हा नंबर पंधरावा, गुण ४२. मे महिन्यात बिलबाओला युरोपा लीगची फायनल झाली ती टॉटनहॅमशी, आणि टॉटनहॅमचा लीगमधला नंबर सतरावा. म्हणजे दोन नापास पोरांची पुरवणी परीक्षा. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली आणि त्यातही आम्ही १-० ने नापास. त्या एका हंगामात टॉटनहॅमने आम्हाला चौथ्यांदा हरवलं. जिवंत साठा संपला, मृतसाठा सुरू झाला.

मृतसाठ्यातलंही पाणी गेलं ते २७ ऑगस्टला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. सकाळी बाप्पा आणले, दुपारी मोदक झाले, आरत्या झाल्या. रात्री आईने विचारलं, "समईपाशी कोण बसतंय? वात विझायला नको." मी एरवी असल्या वेळी पाठदुखी काढतो. त्या दिवशी मात्र पुढे होऊन म्हटलं, "मी बसतो. तुम्ही सगळे झोपा." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोच्या डोळ्यांत संशय आला, पण दिवसभर उकड मळून तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं.

साडेबाराला लीग कपचा सामना सुरू झाला. समोर ग्रिम्सबी टाउन. मासेमारीच्या बंदराचा, इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरचा क्लब. कोबीलाही त्या दिवशी घेतलं होतं. मी एका कानात इयरफोन घातला, दुसरा कान देवासाठी मोकळा ठेवला. अर्ध्या वेळेला ग्रिम्सबी २-० ने पुढे! कॅमेरा अमोरिमवर गेला तर तो पावसात बाकावर बसून छोट्या पाटीवरची चुंबकं सरकवत होता, सारीपाट मांडल्यासारखी. इथे गाव वाहून चाललंय आणि तलाठी नकाशा रंगवतोय. कसेबसे शेवटी दोन गोल फिटले आणि पेनल्ट्या सुरू झाल्या. एक, दोन, पाच, दहा... संपेचनात. सव्वीस पेनल्ट्या! आमच्या कुन्याची जिंकायची पेनल्टी अडवली गेली, तेव्हा माझ्या तोंडून "देवाऽ" असं निघून गेलं. आतून आईचा आवाज आला, "झोप आता बाळा, लई सेवा केलीस." शेवटी आमच्याच एम्बेउमोने चेंडू आडव्या दांड्यावर आदळला आणि १२-११ ने आम्ही मासेवाल्यांकडून हरलो. अमोरिमने पेनल्ट्या बघितल्यासुद्धा नाहीत म्हणे, बाकाच्या आडोशाला बसून होता. मी वर पाहिलं. बाप्पांचे डोळे उघडे होते. त्यांनी सव्वीसही पाहिल्या असणार.

समई तेवढी विझली होती. ती कितव्या पेनल्टीला विझली ते मला माहीत नाही, आणि आईला अजूनही माहीत नाही.

इथे तरी माणसाने सुटावं की नाही? पण तीनच दिवसांनी बर्नलीविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळून आम्ही ३-२ ने जिंकलो आणि मी भाईला रात्री फोन करून म्हणालो, "बघ, जमायलंय हळूहळू." दुसऱ्या दिवशी घरी महालक्ष्म्या आल्या, तर मी उगाच हसतमुखाने पाटावर पावलं काढत होतो. मॅनेजर वाईट असला तर सोसता येतं. तो पंधरा दिवसांतून एकदा बरा निघतो, ते सोसत नाही.

सप्टेंबरात पत्रकारांनी अमोरिमला रचना बदलणार का विचारलं. तो म्हणाला, पोप सांगायला आले तरी बदलणार नाही. मी हे दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. समोर बाकड्यावर गंगाकाठचे एक बापू बसले होते, कपाशीला औषध न्यायला आलेले. त्यांना पोप म्हणजे कोण ते आधी सांगावं लागलं, मग तीन-चार-तीन सांगावं लागलं. बापूंनी तंबाखूची चिमूट दाढेत सरकवली.

"मालक, बीटी कापूस नवा आलता तवा काय झोकात व्हता! बोंडाला आळी शिवंना. मंग सगळ्यांनी त्येच लावलं, साल गेलं, धा सालं गेली. आळीला सवय लागली. सतराच्या साली आठवतंय का? बोंड फोडलं की आत गुलाबी आळी आरामात बसलेली."

आठवत होतं. २०१७ ला बोंडअळीने मराठवाड्याचा कापूस खाल्ला तेव्हा लोक फुटकी बोंडं घेऊन माझ्याच काउंटरवर येत होते.

"आता ह्यो तुमचा मानूस," बापू म्हणाले, "बियाणं बदलंना, औषीद बदलंना. आन् उलटं आळीलाच इच्चारायलाय, बाई तू मरंना कामून?"

इंग्लंडमधले जुने खेळाडू सूटबूट घालून, पडद्यावर बाण काढून तासतासभर जे सांगत होते, त्यात मला यापेक्षा जास्त काही सापडलं नाही. मी बापूंना औषधात वीस रुपये सूट दिली.

त्यांना हो म्हटलं तरी मनात एक शंका राहिलीच. याच बियाण्याने स्पोर्टिंगला दोनदा पीक दिलं होतं. रान वेगळं, पाणी वेगळं. काळ्या रानातलं बियाणं मुरमाडात टाकून उगवेना म्हणून बियाण्याला शिव्या द्यायच्या, की पेरणाऱ्याला? मला विचाराल तर पेरणाऱ्याला. दुकानदार म्हणून माझं उत्तर दुसरं निघालं असतं तर बापूंनी उधारी बुडवली असती.

५ जानेवारी २०२६ ला, सोमवारी, दुपारी दुकानात तुरीच्या औषधाचं बिल करत होतो. मोबाइल थरथरला. अमोरिमला काढलं. मी बिलावर तारीख टाकायच्या जागी काय लिहिलं ते नंतर गिऱ्हाइकाने परत येऊन दाखवलं: ३-४-३.

टपरीवर भाई आधीच येऊन बसला होता. चौदा महिने आम्ही याच बाकड्यावर या माणसाचा उद्धार केला होता. आज पेढे वाटावेत तर दोघंही सुतकात बसल्यासारखे.

"बंदा बुरा नै था," भाई म्हणाला.

"नव्हता," मी म्हणालो. "खोटं कधी बोलला नाही."

"जिद्दी था."

"हौ, तेवढंच."

मामांनी न मागता दोन चहा पुढे केले आणि विचारलं, "मग? वरणाला तिसरा लावला का नाही शेवटपर्यंत?"

रात्री ताटात कोबीची भाजी, हरभऱ्याची डाळ घालून केलेली. बातमी घरी माझ्याआधीच पोचली होती, पोराने सांगितली होती.

"आता तरी घेतील का त्याला?" बायकोने विचारलं.

"घेतील," मी म्हणालो. "घ्यावंच लागेल."

तिने माझ्या ताटाच्या काठाकडे बोट दाखवलं. "मग आधी हा बांध फोडा."